क्रम चुकलेल्या ॲरेवर चालवलेली दुरुस्ती: रेड-५ आणि ईएक्सटी४चे एक प्रकरण

फोन आला तेव्हा सर्व्हर चालूच होता आणि पडद्यावर ‘इनोड साफ करू? हो’ अशा ओळी (इनोड म्हणजे प्रत्येक फाइलीची डिस्कवरची नोंद) भराभर सरकत होत्या. मी म्हणालो, “आधी कंट्रोल-सी दाबा.” मग, “आता मशीन बंद करा. मी सांगेपर्यंत चालू करू नका.” तोवर चार मिनिटे गेली होती. त्या चार मिनिटांत डिस्कवर जे लिहिले गेले ते निस्तरायला पुढे नऊ दिवस लागले. मूळ बिघाड जसाच्या तसा माझ्यापर्यंत आला असता, तर एका दुपारचे काम होते.

सर्व्हर एका छोट्या कार्यालयाचा. ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड-५, म्हणजे डेटा चारही डिस्कवर वाटून ठेवणारा ॲरे; चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग पडणारा तुकडा, ५१२ केबीचा; वर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम. वापरायला १२ टीबी जागा, त्यातली सात भरलेली. ऑपरेटिंग सिस्टम वेगळ्या छोट्या एसएसडीवर होती. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली, कारण सगळे लॉग तिच्यावर सुखरूप राहिले. डिस्कना मी ०, १, २, ३ असे क्रमांक देतो. ॲरे पहिल्यांदा बनला तेव्हाचा खरा क्रम हाच.

अकरा आठवड्यांपूर्वी डिस्क २ ॲरेमधून बाहेर पडली. रेड-५ एका डिस्कशिवाय चालतो, तसा तो चालत राहिला. रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएमने इशाऱ्याची मेलही पाठवली, पण ती गेली त्याच मशीनवरच्या रूटच्या पेटीत. ती पेटी कोणी कधी उघडलेली नव्हती. शनिवारी रात्री डिस्क १वर काही सेक्टर वाचता येईनात. ही डेस्कटॉपसाठीची साधी डिस्क. न वाचता येणाऱ्या सेक्टरशी अशी डिस्क मिनिट-दोन मिनिटे झगडत बसते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र उत्तराची वाट ३० सेकंदच बघतो, मग लिंक रीसेट करतो, आणि रीसेटलाही डिस्क दाद देत नसेल तर ती मेली असे धरून चालतो. सर्व्हरसाठीच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानून तसे कळवतात, म्हणून त्यांच्या बाबतीत ही वेळ येत नाही. चारातल्या दोन डिस्क गेल्या. ॲरे बसला, ईएक्सटी४ने जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, सोडून दिले आणि स्वतःला फक्त-वाचन अवस्थेत नेले.

इथपर्यंत काहीच गमावलेले नव्हते. एमडी, म्हणजे लिनक्सचा रेड, प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाची नोंद ठेवतो; तिच्यात घटनांचा एक आकडा असतो, ॲरेची स्थिती बदलली की तो वाढतो. डिस्क ०, १ आणि ३ यांच्या आकड्यांत दोन-चारचाच फरक असणार होता, तर डिस्क २ हजारोंनी मागे असणार होती. सक्तीने जोडणीची एक कमांड दिली असती, तर एमडीएडीएमने हे आकडे बघून २ला बाजूला ठेवले असते आणि उरलेल्या तिघींचा ॲरे उभा केला असता.

प्रत्यक्षात रविवारी सकाळी तिथल्या सांभाळणाऱ्या मुलाने केबली काढून परत लावल्या. लावताना २ आणि ३ची अदलाबदल झाली. मशीन सुरू केल्यावर ॲरे उभा राहिला नाही, तेव्हा त्याने कुठे तरी वाचून ॲरे नव्याने निर्माण करण्याची कमांड दिली. सोबत ‘स्वच्छ आहे असे समज’ हा पर्याय होता, हे त्याचे नशीब. तो नसता तर एमडीने चौथ्या जागेवरची डिस्क उरलेल्या तिघींवरून नव्याने लिहायला घेतली असती आणि तिच्यावरचा, पुढे कामी आलेला, जुना मजकूर गेला असता. पण निर्माण करणे म्हणजे जोडणे नव्हे. चारही सुपरब्लॉक पुसून नवे लिहिले गेले. घटनांचे आकडे, शेवटच्या बदलाच्या वेळा, कोणती डिस्क कितव्या जागेवर होती याची नोंद, सगळे गेले. नवा क्रम पडला ०, १, ३, २. शिवाय अकरा आठवडे शिळी डिस्क २ चांगल्या डिस्कच्या मांडीला मांडी लावून बसली.

मग त्याने एफएससीके हे फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारे साधन चालवले आणि प्रत्येक प्रश्नाला आधीच ‘हो’ देऊन ठेवला. मला तो म्हणाला, “सर, सुपरब्लॉक सापडला म्हणून मला वाटलं ॲरे बरोबर लागलाय.” त्याची चूक मला कळते. ईएक्सटी४चा मुख्य सुपरब्लॉक ॲरेच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो, म्हणजे पहिल्या डिस्कच्या पहिल्या चंकमध्ये. पहिली डिस्क जागेवर असली की तो सापडतोच. बाकीच्या तिघी कशाही लागलेल्या असोत.

यापुढे ब्लॉक-गटांच्या वर्णनांची सारणी येते. १२ टीबीच्या फाइल सिस्टममध्ये १२८ एमबीचे सुमारे ८९ हजार गट होतात. प्रत्येकाचे वर्णन ६४ बाइटचे, म्हणजे सारणी पावणेसहा एमबीच्या आसपास. ५१२ केबीचे अकराएक चंक. ती चारही डिस्कवर पसरलेली असते, त्यामुळे क्रम चुकलेल्या ॲरेमध्ये तिचा एक तुकडा खरा, पुढचा पॅरिटीचा (गेलेल्या डिस्कचा मजकूर परत काढण्यासाठी ठेवलेल्या हिशेबाचा) कचरा, त्यापुढचा शिळा, असा खेळ होतो. एफएससीकेला हे ‘बिघडलेली फाइल सिस्टम’ म्हणून दिसते आणि ते इमानेइतबारे दुरुस्त करायला लागते.

एक ब्लॉक लिहिला, दोन बिघडले

नुकसानीचा हा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. चारही डिस्कवरच्या एका ओळीतल्या चंकांचा मिळून एक पट्टा होतो. लिनक्सच्या नेहमीच्या रचनेत पहिल्या पट्ट्याची पॅरिटी शेवटच्या डिस्कवर असते, दुसऱ्याची तिच्या अलीकडच्या डिस्कवर, आणि ती अशी डावीकडे सरकत जाते. म्हणजे दुसऱ्या पट्ट्यात खरी पॅरिटी डिस्क २वर होती आणि डिस्क ३वर कोणाचा तरी डेटा. चुकीच्या ॲरेत मात्र तिसऱ्या जागी डिस्क ३ बसली होती. एफएससीकेने डिस्क ०वर चार केबीचा एक ब्लॉक बदलला की एमडीने नियमाप्रमाणे त्या पट्ट्याची पॅरिटी ताजी केली, आणि ती जाऊन पडली डिस्क ३वरच्या डेटावर. एफएससीकेला याचा पत्ताही नाही.

पहिल्या पट्ट्यात वेगळा प्रकार. तिथे पॅरिटी शिळ्या डिस्क २वर लिहिली गेली, खरी पॅरिटी डिस्क ३वर जुनीच राहिली. आपल्याला डिस्क २ टाकून देऊन तिचा मजकूर उरलेल्या तिघींवरून काढायचा आहे, आणि त्यातली एक आता बदललेली आहे. तेव्हा हिशेबातून येणारा ब्लॉकही चुकीचा येणार.

कुठे कुठे लिहिले गेले याची यादी नव्हती. एफएससीकेला जुने ब्लॉक एका फाइलमध्ये जपून ठेवायला सांगता येते, पण ते आधी सांगावे लागते.

प्रती

पहिले दोन दिवस फक्त प्रती काढण्यात गेले. चारही डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्या, कर्नलची ३० सेकंदांची मर्यादा १८० केली आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने प्रत्येकीची पूर्ण प्रत मोठ्या डिस्कवर घेतली. डिस्क ०, २ आणि ३ रात्रभरात झाल्या, एकही सेक्टर न चुकता. डिस्क १ला एकतीस तास लागले. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येईल ते उचलते, अवघड जागा सोडून पुढे जाते आणि मग त्यांच्याकडे परत येते. काय वाचले आणि काय राहिले ते नकाशाच्या फाइलमध्ये लिहून ठेवते. ती फाइल प्रतीइतकीच जपावी. शेवटी ५४ जागा वाचता आल्या नाहीत, प्रत्येकी ४ केबीची. एकूण २१६ केबी.

यानंतर मूळ डिस्कना हात लावला नाही. प्रतींवरही थेट काही लिहिले नाही. प्रत्येक प्रतीवर डिव्हाइस-मॅपरचा स्नॅपशॉट चढवला. वाचायचे ते प्रतीतून, लिहिले जाईल ते बाजूच्या विरळ फाइलमध्ये. प्रयोग फसला की ती फाइल फेकायची, दोन मिनिटांत पुन्हा पहिल्यापासून.

क्रम शोधणे

सुरुवातीला माझी एक संध्याकाळ वाया गेली. मला वाटले, चारही प्रतींची पट्ट्यापट्ट्याने पॅरिटी तपासली की क्रम कळेल. पॅरिटी निघते ती एक्सऑर या बिटांच्या क्रियेने, आणि एक्सऑरला क्रमाशी काही देणेघेणे नाही, डिस्क कशाही लावा, उत्तर तेच. शाळकरी चूक. पण ती तपासणी अगदीच फुकट गेली नाही. शंभरातल्या सुमारे चौऱ्याण्णव पट्ट्यांत एक्सऑर शून्य आला. म्हणजे डिस्क २ शिळी असली तरी अकरा आठवड्यांत न बदललेल्या त्या जागांपुरती अजून खरी होती. हे मी वहीत लिहून ठेवले.

क्रम सापडला त्या न उघडलेल्या मेलमध्ये. एमडीएडीएम इशाऱ्यासोबत ॲरेची त्या क्षणाची स्थितीही पाठवते: कोणते नाव, चौकोनी कंसात कोणता आकडा, कोणावर बिघाडाची खूण, आणि शेवटी [यूयू_यू]. तिसरी जागा रिकामी. शेवटच्या डिस्कपुढे कंसात ३ नव्हे, ४ होता. ते पाहून दचकायला होते, पण ते बरोबर आहे. रेड-५ नवा बनवताना एमडीएडीएम शेवटची डिस्क राखीव म्हणून धरते आणि मग भरून घेते, म्हणून तिला पुढचा आकडा मिळतो. जागा तिची तीनच.

मेलमध्ये नावे होती ती अकरा आठवड्यांपूर्वीची, आणि केबली हलल्यावर त्या नावांना अर्थ उरला नव्हता. नाव आणि डिस्कचा अनुक्रमांक यांची जोडी डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणाऱ्या स्मार्टडीच्या लॉगमध्ये सापडली. सुरू होताना ते प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहून ठेवते. अनुक्रमांक डिस्कच्या लेबलवरही असतो. जुळवून पाहिले, तेव्हा अदलाबदल उघड झाली.

डेटा नेमका कुठून सुरू होतो तेही तपासावे लागते, कारण एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या डेटापुढे वेगवेगळी जागा सोडतात. कुठे २,६२,१४४ सेक्टर, कुठे २,६४,१९२. डिस्क ०च्या प्रतीत ईएक्सटी४ची खूण ईएफ५३ शोधली (डिस्कवर ती उलटी, ५३ईएफ अशी दिसते). ती पार्टिशनच्या सुरुवातीपासून बरोबर १२८ एमबी आणि वर १०८० बाइटवर निघाली. म्हणजे २,६२,१४४. मशीनवर एमडीएडीएमची तीच आवृत्ती असल्याने नव्याने निर्माण करतानाही हा आकडा बदलला नव्हता.

मग स्नॅपशॉटवर ॲरे बांधला: ०, १, रिकामी, ३. तो फक्त वाचण्यापुरता, आणि माउंट करताना जर्नल खेळवायचे नाही असे सांगून. माउंट झाला नाही, सारणी बिघडलेली होती. पण फाइल सिस्टम आतून दाखवणाऱ्या डीबगएफएसला ९८३०४व्या ब्लॉकवरचा बॅकअप सुपरब्लॉक दाखवला, तेव्हा आतली फोल्डर इनोड क्रमांकाने उघडू लागली. तरी विश्वास ठेवला नाही. एक ९०० एमबीची झिप फाइल बाहेर काढून तिची स्वतःची तपासणी चालवली. झिपमध्ये प्रत्येक घटकाची सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, असते, आणि एवढी फाइल दीड एमबीच्या सहाशे पट्ट्यांवरून जाते. क्रम चुकीचा असता तर ती पहिल्या काही एमबीतच फुटली असती. ती पूर्ण निघाली. मग जिवाला बरे वाटून चुकीचा क्रम लावून पाहिला, तिथे फाइल उघडलीही नाही.

चोपन्न भोके

डिस्क १वरच्या न वाचलेल्या ५४ जागा भरायला रेड-५मध्ये आता काही शिल्लक नव्हते, कारण २ बाहेर होती. इथे वहीतली नोंद कामी आली. एखाद्या पट्ट्यात अकरा आठवड्यांत काही लिहिलेच गेले नसेल, तर शिळ्या डिस्कवरचा त्या पट्ट्यापुरता मजकूर खराच आहे. ०, २ आणि ३ यांचा एक्सऑर म्हणजे १चा हरवलेला तुकडा. पट्टा बदलला नाही हे कसे ठरवायचे? त्याच चंकमधले भोकाच्या आजूबाजूचे सेक्टर बघून. तिथे चौघींचा एक्सऑर शून्य असेल तर भोकातही तसाच असण्याची शक्यता मोठी. खात्री नाही, हे मान्य. पायथनच्या चाळीस ओळींत काम झाले. ५४पैकी ४७ जागा भरल्या. उरलेल्या सातांचे ॲरेवरचे ब्लॉक क्रमांक काढून डीबगएफएसला विचारले, तर चार मोकळ्या जागेत पडत होत्या आणि तीन दोन फाइलींमध्ये. त्या दोन फाइलींची नावे त्याच दिवशी कार्यालयाला कळवली.

दुरुस्ती, या वेळी योग्य ॲरेवर

पाचव्या दिवशी एफएससीके, आधी फक्त बघण्यापुरते. तक्रारींची यादी पाहून कोणीही घाबरेल, पण तक्रारींची संख्या आणि गांभीर्य यांचा मेळ नसतो. बॅकअप सारणीतून सुरुवात केली की मोकळ्या ब्लॉकांचे आकडे सगळेच चुकीचे असतात. बॅकअपमध्ये ते ताजे ठेवले जात नाहीत. पाचव्या टप्प्यात येणाऱ्या त्या हजारो ओळी निरुपद्रवी, कारण बिटमॅप, म्हणजे कोणते ब्लॉक वापरात आहेत याचे नकाशे, नव्याने मोजून लिहिता येतात. इनोड टेबल कुठे आहे ही माहिती बॅकअपमध्येही बरोबरच असते, ती बदलत नाही. मी डोळ्यांत तेल घालून वाचला तो पहिला टप्पा, जिथे इनोडची तपासणी होते. तिथे शेकडोच तक्रारी होत्या, आणि जवळजवळ सगळ्या पहिल्या काही गटांत. चार मिनिटांत आधीचे एफएससीके तेवढेच पुढे गेले होते.

त्या गटांतच इनोड २ असतो, म्हणजे मूळ फोल्डर. तो गेला होता. ‘मूळ फोल्डर नाही, नवा बनवू?’ हा प्रश्न पाहिल्यावर पोटात गोळा येतो, पण ईएक्सटी४ मूळच्या लगतची फोल्डर मुद्दाम दूरदूरच्या गटांत ठेवते, त्यांच्या पोटातल्या फाइलींना जवळ जागा मिळावी म्हणून. त्यामुळे मूळ गेला तरी त्याखालची बारा फोल्डर आपापल्या गटांत धड होती. गेली ती फक्त त्यांची नावे. फोल्डरचे नाव त्याच्या स्वतःजवळ नसते, वरच्या फोल्डरमध्ये असते.

स्नॅपशॉटवर खरी दुरुस्ती चालवली. पावणेदोन तास लागले. लॉस्ट-फाउंडमध्ये, म्हणजे वरचे फोल्डर हरवलेल्या गोष्टींच्या जागी, १,९४६ नोंदी आल्या, आकड्यांच्या नावांनी. त्यातल्या बारा फोल्डरांच्या पोटात सात टीबीतला बहुतेक सगळा मजकूर, आतली नावे आणि तारखा जागच्या जागी. त्या बारांची नावे फोल्डर नेटवर्कवर वाटणाऱ्या सांबाच्या मांडणीच्या फाइलमधून मिळाली, ती एसएसडीवर होती. बाकीच्या नोंदींत बहुतेक तात्पुरत्या फाइली आणि जुन्या कुलूप-फाइली. त्यांच्या मागे लागलो नाही.

जे एफएससीकेला दिसत नाही

कार्यालयाला वाटले काम संपले. फाइल सिस्टम स्वच्छ, फोल्डर दिसतायत, मग आता काय? पण एफएससीके फाइल सिस्टमचा स्वतःशी मेळ बसतो का तेवढेच बघते. फाइलीच्या पोटातल्या डेटाची चेकसम ईएक्सटी४ ठेवतच नाही. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस अशी चेकसम ठेवणारी फाइल सिस्टम असती, तर वाचतानाच आरडाओरडा झाला असता. डिस्क ३वर पॅरिटी पडून बिघडलेले चार-चार केबीचे ते ब्लॉक या स्वच्छ फाइल सिस्टममध्ये निवांत बसलेले असणार होते.

आठ महिन्यांपूर्वीचा एक बॅकअप त्यांच्याकडे सुट्या डिस्कवर होता. त्यानंतर न बदललेल्या फाइलींची चेकसम दोन्हीकडे काढून जुळवली. २९ जुळल्या नाहीत. आकार तोच, तारीख तीच, आतले काही ब्लॉक निराळे. त्या बॅकअपमधून घेतल्या. नव्या फाइलींसाठी ज्या-त्या स्वरूपाच्या आतल्या तपासण्या वापरल्या. आजकालची वर्ड-एक्सेलची कागदपत्रे आतून झिपच असतात, त्यांना सीआरसी फुकट मिळते. पीडीएफ आणि चित्रे पूर्ण उलगडून पाहिली. त्यात ११ सापडल्या. साध्या मजकुराच्या फाइलींना अशी कसलीच तपासणी नाही. त्यांच्यात शून्य बाइटचे किंवा विचित्र अक्षरांचे पट्टे शोधले, आणि त्यांच्याबद्दल हमी देत नाही असे लेखी कळवले. यावर थोडी नाराजी झाली. कळवणे भाग होते.

दुरुस्त केलेली फाइल सिस्टम पुन्हा वापरात घेतली नाही. सगळा मजकूर नव्या ॲरेवर नव्या फाइल सिस्टममध्ये कॉपी केला, आणि प्रती दोन महिने तशाच ठेवल्या. नव्या मशीनवर चाचणीची मेल पाठवून ती खरोखर माणसाच्या हातातल्या फोनवर पोचते हे पाहिले.

शेवटी मोकळा झाल्यावर जुन्या चार डिस्क तपासायला घेतल्या. डिस्क १ला वाचायच्या राहिलेल्या सेक्टरांची मोठी रांग होती, तिला निवृत्त केले. डिस्क २, जिच्यापासून हे सगळे सुरू झाले, तिच्यात एकही खराब सेक्टर निघाला नाही. फक्त १९९ क्रमांकाचा गुण, म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वहनातल्या चुकांचा आकडा, चार अंकी होता. दुसरी केबल लावून आठवडाभर चालवली. आकडा जागचा हलला नाही.